उजव्या पायाचा मान

शिकार संपली की हरणाचा पुढचा उजवा पाय मान म्हणून कुठल्या बाईला मिळणार, यावर सोलोन्यच्या रानात दरवर्षी पैजा लागत. यंदा पैजेला जागाच नव्हती. म्हाताऱ्या काउंटनं तो पाय आपल्या मुलाच्या, गास्पारच्या हातून शेजारच्या घराण्यातल्या सिदोनीला द्यायचं ठरवलं होतं. तिनं तो ठेवून घेतला की लग्न ठरलं. दोन्ही घराण्यांची रानं लागून होती आणि दोन्ही बापांच्या डोळ्यांत मधलं कुंपण खुपत होतं.

सिदोनीला मात्र भलतीच उत्सुकता होती. गास्पार दोन वर्षं ओदीलसाठी वेडा झाला होता, हे तिच्या कानावर होतं. ओदील घोड्यांच्या डॉक्टरची मुलगी. तीही आज आली होती, पलीकडे ओकच्या झाडाखाली उभी होती. हा पठ्ठ्या आता कुणाकडे वळतो? आपलंच लग्न पणाला लागलंय हे विसरून सिदोनी टाचा उंचावून बघत होती.

शिकाऱ्यांची शिंगं वाजली, पुरुषांनी हॅट काढल्या. हरणाचा पाय घेऊन गास्पार ओदीलकडे न पाहता सरळ सिदोनीपुढे येऊन उभा राहिला. टाळ्या झाल्या. तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचं नवलही वाटलं.

"तिकडे का नाही गेलात?" तिनं हळूच विचारलं.

"बाबांनी सांगितलं होतं."

"उद्या त्यांनी सांगितलं तर मलाही सोडाल?"

तो चिडला. "आणि तुम्ही? तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून इथे उभ्या आहात?"

तेवीस वर्षांत सिदोनीला हे कुणी विचारलंच नव्हतं. आधी राग आला, मग हसू फुटलं.

"मग त्या दोघा म्हाताऱ्यांचंच लग्न लावून देऊ. हौस त्यांना आहे."

गास्पारही हसला, पण जागचा हलेना. तेव्हा तिनं एका हातात तो पाय घेतला, दुसऱ्या हातानं त्याची बाही धरली आणि सगळ्यांसमोरून त्याला ओकखाली नेलं.

"घ्या, हा मान तुमचा," ती ओदीलला म्हणाली.

ओदीलनं हात पुढे केला नाही. "यांनी स्वतः दिला तर घेईन."

गास्पारनं आधी वडिलांकडे पाहिलं. ओदीलला तेवढं पुरलं. ती घोड्यावर बसली आणि निघून गेली.

सिदोनीनं पाय गास्पारच्या हातात परत ठेवला. तिचे वडील लालबुंद होऊन तिच्याकडेच येत होते. ते जवळ आले आणि त्यांनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "नाही."