दोन वासरांची लाकडी गाय

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे, पण मला डोकं नाही. वर्गाला जेवढी गाय लागत होती, तेवढीच मला केली आहे: लाकडी सांगाडा, ताडपत्रीचं पोट आणि मागे वासरू बाहेर यायला मोटारीच्या ट्यूबची वाट. पोटात भुसा भरलेली दोन चामड्याची वासरं असतात. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या एका खोलीत, खिडकीखाली मी उभी असते.

एका चुकीमुळे मी जन्माला आले. महाविद्यालय तेव्हा नवं होतं. इमारत होती, भिंतींवर फळे होते. पण शिकवायला माणसं कमी आणि हात लावायला जनावरं त्याहून कमी. विताना अडलेली गाय कशी सोडवायची, हे मुलं फळ्यावरच्या चित्रावरून शिकत. एकदा तिथल्याच गोठ्यातली गाय अडली. मुलांनी आत हात घातला, दोन पाय लागले, दोन्हींना दोरी बांधून ओढलं. पोटात जुळी होती. एक पाय एका वासराचा, दुसरा दुसऱ्याचा. दोन्ही वाटेत अडकली. शिकवणाऱ्या बाई धावत येईपर्यंत गाय गेली होती.

बाई मुलांवर रागावल्या नाहीत. “चित्रात हात घालता येत नाही. त्यांचं काय चुकलं?” एवढंच म्हणाल्या.

बाईंचे यजमान तिथल्याच वर्कशॉपमध्ये होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

“अहो, मला एक गाय करून द्या.”

“अगं, मी टेबलं-खुर्च्या करणारा माणूस. दूध किती द्यायला हवं?”

“दूध नको. आत हात जायला हवा आणि तिने लाथ मारता कामा नये.”

पहिल्यांदा केलेली वाट फार मोठी झाली. बाईंनी हात घातला आणि म्हणाल्या, “ही गाय नव्हे, गोडाऊन आहे.” मिस्त्रींनी ती उसवली आणि पुन्हा शिवली.

मग माझी कामाची वर्षं आली. मुलं डोळे मिटून आत हात घालत. पाय लागला की बाई विचारत, “पाय सापडला. कोणाचा?” पायावरून वर छातीपर्यंत जायचं, तिथून त्याच वासराचा दुसरा पाय शोधायचा आणि मगच दोरी. अंदाजाने उत्तर दिलं की पुन्हा रांगेच्या शेवटी. दुसऱ्या गावांतले मास्तर मला पाहायला येत आणि परत जाऊन आपापली गाय करत. माझं कौतुकही बरंच झालं.

पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मिस्त्रींनी नोकरी सोडली. ते इकडे फिरकेनासे झाले.

त्याच सुमारास परदेशातून मदत म्हणून रबरी गाय आली. तिला डोकं, कान, सगळं होतं. मला अडगळीत नेलं. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. ती गाय खरंच चांगली होती. पण तिचं रबर फाटलं, पंप बंद पडला. ती उघडायची कशी, हे कोणालाच शिकवलेलं नव्हतं. तिच्यावर चादर पडली आणि मुलं पुन्हा फळ्याकडे वळली.

बाईंचीच एक विद्यार्थिनी आता तिथे शिकवत होती; मुलं तिला मॅडम म्हणत. तिने अडगळीचं दार उघडलं. माझं एक वासरू उंदरांनी खाल्लं होतं. तिने मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी येऊन माझी शिवण चाचपली.

“काका, दुरुस्त होईल?”

“होईल. पण मी नाही करणार.”

“बाईंची गाय आहे ही.”

“म्हणूनच. मी गेलो की परत अडगळीत टाकाल. मुलांच्या हातात सुया द्या.”

“त्यांचा अभ्यास आहे हो.”

“मग हे काय आहे?”

मुलं कुरकुरली. “डॉक्टर व्हायला आलो आणि गादीवाले झालो,” एक जण म्हणाला.

“गादीवाल्याची शिवण उसवत नाही,” मिस्त्री म्हणाले. “आधी तेवढं जमव.”

मुलांनी माझं वासरू नव्याने शिवलं. मग धीर करून रबरी गायही उघडली आणि तिला ट्यूबचं ठिगळ लावलं.

एका दुपारी गोठ्यातून हाक आली आणि सगळा वर्ग तिकडे पळाला. मिस्त्री माझ्याजवळ लाकूड तासत बसले. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली. तिचा हात खांद्यापर्यंत माखला होता.

“काका, जुळी होती! दोन पाय लागले.”

“मग?”

“बांधणारच होते. मग स्वतःलाच विचारलं, कोणाचा?”

मिस्त्रींचा हात थांबला.

“दोन वासरांचे निघाले. एक मागे सारला, जोडीचा शोधला. दोन्ही जगली. गाय उभी आहे.”

“हे विचारायचं तुला कोणी शिकवलं?”

“मॅडमनी.”

तिने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी मान हलवली. मग म्हणाले, “हात धुऊन ये. तुझी इथली शिवण सैल पडली आहे.”

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू पुसून कपाटात ठेवू नका. वापरा. फाटल्या तर शिवा आणि शिवायला पुढच्याला शिकवा. मग मी असले काय, नसले काय.