तिसऱ्या भागाची लय

ताईने धाकट्याचा उजवा हात कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून धरला होता आणि ती एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळत होती. करंगळी सरळ होईना. तिने ती दोनदा सरळ केली, दोनदा ती परत वाकली.

"राहू दे गं. ती आता माझंही ऐकत नाही," धाकटा म्हणाला. "तुझं कुठली ऐकणार?"

"तू तरी लहानपणी कुणाचं ऐकायचास?"

धाकटा म्हणजे चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला गृहस्थ. पण ताईच्या लेखी तो धाकटाच. ती व्हायोलिन वाजवायची, तो पियानोवर तिची साथ करायचा. तीस वर्षांत दोघांनी शाळेच्या छपरासाठी वाजवलं, पूरग्रस्तांसाठी वाजवलं, अंधांच्या ग्रंथालयासाठी वाजवलं आणि एकदा तर म्हाताऱ्या घोड्यांसाठीही. मदतीचा कार्यक्रम म्हटलं की लोकांना हीच जोडी आठवायची, कारण ही जोडी कुणाला नाही म्हणत नसे. आजचा कार्यक्रम हातापायांतलं बळ हळूहळू जात राहणाऱ्या रुग्णांच्या नव्या वॉर्डासाठी होता. निमंत्रण आलं तेव्हा धाकटा ठणठणीत होता. आता त्याच वॉर्डात डॉक्टरांनी त्याच्यासाठी एक खाट धरून ठेवली होती. देवाला कधीकधी विनोद करायची हुक्की येते आणि त्याला तो मुळीच जमत नाही.

हा दोघांचा शेवटचा कार्यक्रम होता. ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही तोंडातून काढलं नव्हतं.

ताईला घोर होता तो आजच्या रचनेच्या तिसऱ्या भागाचा. पहिले दोन संथ होते, निभून गेले असते. पण तिसऱ्याच्या मध्यावर पियानोचा उजवा हात सुसाट वर चढत जातो आणि टोकाला व्हायोलिन येऊन त्याला मिळतं. ती चढण धाकट्याला आता झेपणारी नव्हती. म्हणून महिन्याभरापूर्वी पहिल्याच तालमीला तिने तिथे एक स्वर लांबवून लय खाली आणली होती.

"हल्ली मला हे असंच बरं वाटतं," ती म्हणाली होती.

"वय झालं तुझं," असं म्हणून त्याने विषय सोडून दिला होता. त्याला खरं कारण कळता कामा नये, एवढीच तिची धडपड होती. लहानपणी समोरचा मुद्दाम हरतोय असा नुसता संशय आला तरी तो पट उधळून उठायचा. आज कळलं तर पियानोचं झाकण लावून उठेल, आणि मग त्याचं शेवटचं वाजवणं अर्धंच राहील.

बाहेर डॉक्टरांचं भाषण चाललं होतं. संगीत हेच खरं औषध, असं ते सांगत होते.

"मग मला गोळ्या कशाला गिळायला लावतात?" धाकटा विंगेतून पुटपुटला.

"गप्प बसा हो, माइक चालू आहे," त्याची बायको म्हणाली. पियानोशेजारी बसून ती त्याच्या स्वरलिपीच्या वहीची पानं उलटायची.

ताईला सगळं पाठ असे. ती पियानोकडे पाठ करून उभी राहायची, त्यामुळे वाजवतानाचा धाकटा तिने कधी पाहिलाच नव्हता. तिसऱ्या भागात ती जागा आली तशी तिने स्वर लांबवला आणि श्वास रोखून मागचं ऐकत राहिली. धाकटा चढत होता. एक स्वर सुटला, दोन एकमेकांत चिकटले, पण तो पोचला. तिने त्याला टोकाला गाठलं आणि दोघं मिळून शेवटापर्यंत आली.

लोक उभे राहिले. ताईने वाकून नमस्कार केला. धाकट्याने तुला जन्मभर सांभाळून घेतलं, असं लोक म्हणत. ते तिला कधी फारसं पटलं नव्हतं. निदान आज आपण त्याला सांभाळलं, या विचाराने तिला बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

डॉक्टर आणि भावजय त्याला दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या उतरवत होते. ताईने व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं आणि पियानोवर उघडी राहिलेली त्याची वही मिटायला घेतली. समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं. तिने पहिल्यापासून पानं चाळली.

'इथे ताई घाई करते. आधीच पुढे सरकायचं.' 'इथे दोन स्वर खाते. मी भरतो.' 'इथे विसरते. ती सापडेपर्यंत फिरत राहायचं.' अक्षर धाकट्याचं, शिसं जुनं, फिकट पडलेलं. जवळपास प्रत्येक पानावर काही ना काही होतं. यातल्या कितीतरी जागांवर तिला टाळ्या पडल्या होत्या.

तिसऱ्या भागातलं अक्षर वेगळं होतं, भावजयीचं, गोल आणि ठळक.

'इथे ताई लय खाली आणायची. ते फक्त माझ्यासाठी होतं. तुमच्यासाठी आणणार नाही. हात तयार ठेवा.'

भावजय धाकट्याचा कोट न्यायला परत आली होती. ताईच्या हातातली वही पाहून ती थबकली.

"हे कधी लिहिलंस?" ताईने विचारलं.

"पहिल्या तालमीनंतर. त्यांना पेन्सिल धरवत नव्हती. ते सांगत गेले, मी लिहीत गेले."

"पण कुणासाठी?"

"माझ्या जागी कोण येईल ते माहीत नाही म्हणाले." भावजयीने कोट छातीशी धरला. "पण ताईची सवय व्हायला वेळ लागतो, तोवर त्याच्या हाताशी असू दे, म्हणाले."

ती गेल्यावर तिसऱ्या भागातलं ते खोडायला ताई रबर शोधू लागली. पियानोवर नव्हतं, त्याच्या पिशवीतही नव्हतं. पेन्सिली तीन होत्या, तिन्ही टोक केलेल्या. तीस वर्षांत धाकट्याने त्या वहीत काही खोडलंच नव्हतं.