दाराबाहेरची मुलाखत

संशोधन केंद्राने मला कामावर घेतले ते माझ्या निरुपद्रवी चेहऱ्यामुळे. केंद्रातल्या डॉक्टरबाईंनीच तसे सांगितले होते. त्या थट्टा करत होत्या की काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

वस्त्यांमधल्या गरोदर बायका इस्पितळात का जात नाहीत, याचा त्या अभ्यास करत होत्या. सून एकटी असल्याशिवाय मोकळेपणाने बोलत नाही आणि सासू तिला एकटी सोडत नाही, ही अडचण होती. म्हणून त्यांनी दुसरी एक प्रश्नावली तयार केली. आत त्या सुनेशी बोलत. त्याच वेळी बाहेर कुणीतरी सासूला पाणी, छप्पर, चूल यांविषयी विचारत बसायचे. तो कुणीतरी म्हणजे मी. त्याआधीची माझी सारी नोकरी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात गेली होती. मी भरलेले कागद रद्दीत जात. बाळंतपणाचा विषय काढायचा नाही, एवढाच मला नियम होता, आणि तो पाळणे माझ्या स्वभावाला सोपे होते.

त्या दिवशीचे घर उघड्या गटारापलीकडे होते. फळीवरून तोल सावरत जावे लागे. सासू पायरीवर बसून भंगारातल्या बाटल्यांची झाकणे काढत होती. वस्तीत तिला सगळे मुकादमीण म्हणत. घरात मुकादम कधीच कुणी नव्हता. डॉक्टरबाई पडद्याआड सुनेकडे गेल्या आणि मी खाली बसून पाण्यापासून सुरुवात केली. दिवसाला किती बादल्या लागतात?

"शंभर," ती म्हणाली.

मी शंभर लिहिले.

"लिहिलंतसुद्धा? काका, शेजारणीला तुम्ही छप्पर गळतं का विचारलंत. तिच्या डोक्यावर नुसती ताडपत्री आहे." तिने एक झाकण पोत्यात टाकले. "रडक्या पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसं चाललंय तुमचं. वाजवा, वाजवा. मला वेळ आहे."

मी चुलीच्या प्रश्नावर गेलो. दुसरे काय करावे ते सुचेना.

एवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. सुनेचा रक्तदाब फार वाढला होता, पाय सुजले होते, डोके दुखायचे थांबत नव्हते. आजच इस्पितळात न्यायला हवे, झटके आले तर दोन्ही जीव जातील, असे त्यांनी समजावून सांगितले. मुलगा ट्रक घेऊन लांब गेला होता, म्हणजे निर्णय सासूचा. तिने नाही म्हटले. डॉक्टरबाईंनी तेच पुन्हा, अधिक सोप्या शब्दांत सांगितले. तिने पुन्हा नाही म्हटले आणि पुढची बाटली उचलली.

तरीही डॉक्टरबाई गाडी बोलवायला फळीपलीकडे गेल्या. मी कागद आवरू लागलो, आणि कसे कोण जाणे, विचारून गेलो, "तुमच्या घरातलं आधी कुणी गेलं होतं का तिथे?"

तिचा हात थांबला.

"लेक."

मग ती सांगत गेली, माझ्याकडे न पाहता. लेकीचे पहिलेच बाळंतपण, तेच इस्पितळ. आईला दारातच अडवले. आतून पोरगी हाका मारत राहिली, मग हाका थांबल्या. काय झाले ते सांगायला कुणी बाहेर आले नाही. शेवटी फरशी धुवायला आलेल्या बाईकडून कळले.

"बाळंतपणात बाई जाते, तेवढं मला कळतं. डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण ती मला बोलवत होती नि मी दाराबाहेर." तिने हातातली बाटली खाली ठेवली. "आणि आज तुम्ही मला माझ्याच घराच्या दाराबाहेर बसवलंत."

डॉक्टरबाई परतल्यावर मी हे त्यांच्या कानावर घातले. घालावे की नाही याची मला खात्री नव्हती. सासूला बाहेर बसवायची कल्पना त्यांचीच होती आणि त्या कल्पनेचे पुष्कळ कौतुक झाले होते. त्या पायरीवर मुकादमिणीच्या शेजारी बसल्या.

"ती वाचेलच असा शब्द मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बाहेर ठेवणार नाही, एवढा देते."

"तुमच्या हातात आहे ते?"

"नाही. भांडावं लागेल."

मुकादमीण उठली. "मग चला. तेवढं मला येतं."

इस्पितळात मात्र ती भांडली नाही. भांडल्या त्या डॉक्टरबाई, हलक्या आवाजात. मोठ्या सिस्टरांचे म्हणणेही अगदीच चूक नव्हते: एकेका खाटेवर दोन दोन बायका, आड पडदा नाही, त्यात सगळ्यांच्या सासवा आत घेतल्या तर उभे कुठे राहायचे? बोलणे चालले असताना सुनेचे स्ट्रेचर दारापाशी आले. मुकादमिणीने त्याची दांडी धरली आणि ती सोडली नाही. स्ट्रेचर निम्मे आत, निम्मे बाहेर, दार लागेना. सुनेने डोळे मिटून सासूच्या मनगटावर हात ठेवला होता. सिस्टरांनी तो हात पाहिला, सुजलेला चेहरा पाहिला.

"चपला बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

मी बाकावर बसून राहिलो. सुनेला एक झटका आला, पण तेव्हा औषध हाताशी होते. मुलगी झाली, अगदी लहानशी. दोघी जगतील असे डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितले, आणि या घराची मुलाखत आता अभ्यासातून गाळावी लागेल, असेही. नियम मोडल्याबद्दल मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ मला नीट लागला नाही. त्या पुन्हा आत गेल्या.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणा दुसऱ्या मुलीची आई बसली होती. तिला आत सोडले नव्हते. तिने मला विचारले, आत काय चालले आहे, काही कळते का.

मला माहीत नव्हते. मी उठून दार वाजवले.