कोल्हीण खिंडीत

ओर्फा टीटरने बँजोची पेटी मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा ओढून ती नीट बांधली, एखाद्या लेकराला बांधावं तशी. आठ वर्षं ती असंच करत आली होती. आज परत करायला निघाली तरी हात आपोआप पट्ट्याकडे गेला.

बँजो मुळात तिचा नव्हताच. तो डेंझिलकाका प्रॉप्स्ट यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ गेल्यावर काकांनी तो तिच्या हाती दिला, तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पावाचे जड ट्रे उचलून मनगटं दुखत होती, आणि आयुष्यात तिने कधी शिट्टीसुद्धा सुरात वाजवली नव्हती. काका म्हणाले होते, "वाजवशील तोवर तुझा. ज्या दिवशी सोडशील त्या दिवशी परत आण. भिंतीला टांगून ठेवू नकोस." एवढाच करार. कागद नाही, साक्षीदार नाही.

आणि गेले पाच महिने ओर्फाने त्याला हात लावला नव्हता.

झालं होतं ते असं. दर गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मंडळी जमत. बंब बाहेर काढून उभा करायचा आणि आत खुर्च्या गोल मांडायच्या. कुणाची गिटार, कुणाचा बँजो, आणि फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन, डेंझिलकाकांची. कागदावर लिहिलेलं काही कुणापाशी नसे. एकाने चाल धरायची, बाकीच्यांनी तिच्यात शिरायचं, मग ती रहाटासारखी फिरत राहायची. खालचा भाग, वरचा भाग, पुन्हा खालचा. ज्याने सुरू केली तो तिचा मालक, संपवायचा हक्कही त्याचाच. पुरे झालं असं वाटलं की तो बसल्या जागी एक पाय उचलून पुढे करी. हात गुंतलेले असतात, तोंडाने सांगावं तर आवाजात ऐकू येत नाही, म्हणून पाय. पाय दिसला की चालती फेरी पुरी करायची आणि थांबायचं. आजवर कुणी दुसऱ्याच्या चालीत पाय उचलला नव्हता.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी काकांनी 'कोल्हीण खिंडीत' धरली. त्यांच्या आजोबांची चाल, वाजवताना काका डोळे मिटून घेत. एरवी आठ-नऊ फेऱ्यांत त्यांचा डावा पाय वर येई. त्या दिवशी पंधरा झाल्या, सोळा झाल्या, पाय काही हलेना. गिटारवाला डॅरेल स्वतःच्याच खांद्याला कपाळ घासून घाम पुसत होता. ओर्फा काकांना अगदी खेटून, त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. सतराव्या फेरीला तिच्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने काही विचार न करता पाय लांब केला आणि बोटं वर ओढली.

फेरी पुरी झाली आणि अख्खं कोंडाळं गप्प झालं. काकांचा गज तेवढा एकटाच पुढच्या फेरीत चार पावलं चालला, मग तोही थांबला. काकांनी डोळे उघडले. डॅरेल म्हणाला, चला, आता ओर्फाबाईंचा हुकूम चालणार म्हणायचा. सगळे हसले. काका हसले नाहीत. फिडल पेटीत ठेवली, डॅरेलच्या खांद्यावर हात टाकून ते दारापर्यंत गेले, आणि दुसरी चाल न वाजवताच घरी निघून गेले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, हात आणि पाय दोन्ही.

त्यानंतर एकदा ओर्फा पेंडीच्या दुकानात कोंबड्यांचा दाणा घेत होती. पलीकडच्या फळीआड कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याची शेवटची चाल, तीही बिचाऱ्याला स्वतः संपवता आली नाही. बोलणाऱ्याच्या मनात खोट नव्हती आणि ती ऐकते आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. ओर्फा दाणा तिथेच ठेवून घरी आली.

त्या आठवड्यात तिने दोनदा पेटी उघडली आणि दोनदा मिटली. कोणतीही चाल धरली तरी मधेच ती शांतता ऐकू यायची आणि काकांचा एकटा गज. मग पेटी पलंगाखाली गेली. गुरुवारी आधी सर्दी असायची, नंतर बर्फ, नंतर तिने कारण सांगणंही सोडलं. सुरुवातीला मनाला लागत होतं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत तेही बोथट झालं. वाजवावंसंच वाटेना, आणि वाटत नाही याचं काही वाटेना. गेल्या रविवारी पिठात हात घालण्याआधी तिने उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख कापून टाकलं. बँजोच्या तारा त्या नखाने मारतात, म्हणून आठ वर्षं तिने ते जपलं होतं. भांड्यात, साबणात, सारखं सांभाळलेलं. कात्री चालली तेव्हाही काही वाटलं नाही.

मंगळवारी डॅरेलचा फोन आला. शाळेत नवीन आलेली बाई बँजो शिकू म्हणते, तुझा पडूनच असेल तर बघ. टोमणा नव्हता, पण ओर्फाला करार आठवला. द्यायचा कुणाला हे काकांनी ठरवावं. आपण आपला परत करावा.

काकांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला तर रानलसणीचा वास भरून राहिला होता. वेल्डाकाकू टेबलाशी बसून पाती निवडत होत्या. एप्रिल म्हणजे अग्निशमन दलाचं दरवर्षीचं रानलसणीचं गावजेवण आलं, आणि गावातली निम्मी लसूण काकूंच्या हाताखालून जायची. खिडकीशी खुर्चीत डेंझिलकाका. पायांवर गोधडी, डावा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. भिंतीवर फिडल टांगलेली. भिंतीला टांगू नकोस म्हणणाऱ्या माणसाची.

काकांनी पेटीकडे पाहिलं नाही. आधी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"नख कापलंस," ते म्हणाले. तोंडाचा एक कोपरा ओढत असल्यामुळे शब्द हळूहळू येत होते, पण चुकत नव्हते.

"पीठ मळायला अडचण होत होती, काका."

"आठ वर्षं पाव विकत आणत होतीस वाटतं."

काकू पात्यांत मान घालून हसल्या. ओर्फाने पेटी जमिनीवर ठेवली. रस्त्याने येताना तिने सगळं पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. मग ती तशीच बोलत सुटली. त्या दिवशी पोटरीत गोळा आला होता, तुमची चाल तोडायचं माझ्या मनात नव्हतं, तुम्ही न बोलता उठून गेलात, आणि ती तुमची शेवटची ठरली, ती माझ्या पायामुळे अर्धी राहिली, आता मला वाजवणं होत नाही, म्हणून हा बँजो.

काका खिडकीबाहेर बघू लागले. ओर्फाला वाटलं, आता हो म्हणतील आणि संपेल.

"किती फेऱ्या झाल्या होत्या त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"मी कधी सतरा वाजवतो?"

"नाही."

"मग तुला काय वाटलं, म्हातारा रंगात आलाय?" त्यांनी उजव्या हाताने डाव्या गुडघ्यावर थापटलं. "नवव्या फेरीला मी पाय उचलला. म्हणजे उचलायला गेलो. तो आलाच नाही. दहाव्याला पुन्हा सांगितलं, तरी नाही. खाली बघावं तर भीती वाटत होती. डोळे मिटून ओढत राहिलो. उजवा पाय ठेक्यात गुंतलेला, तो उचलावा तर चाल कोसळणार. मधेच गज थांबवावा तर सगळे विचारणार, काय झालं डेंझिल. म्हटलं, देवा, आता ही कोल्हीण मला घेऊनच खिंडीत जाणार. आणि तू पाय उचललास, पोरी. त्या वेळी कुणी माझ्या गळ्यातली दोरी सोडवल्यासारखं झालं."

डॅरेलच्या खांद्यावरचा तो हात तिला आता कळला. मैत्रीचा वाटला होता, आधाराचा होता.

पण बोलायचा हक्क आता तिच्याकडे राहिलाच नव्हता. वेल्डाकाकूंनी सुरी टेबलावर ठेवली होती.

"गुरुवारी?" काकू म्हणाल्या. "तुला गुरुवारी कळलं होतं?"

काकांनी उजव्या हाताने गोधडी सारखी केली.

"शुक्रवारी दिवसभर लाकडं फोडत होतास तू. मी विचारलं, पाय ओढतोयस का, तर म्हणालास बूट चावतोय. बूट! मी त्या बुटाला तेल लावून ठेवलं, डेंझिल. तुला दवाखान्यात न्यायचं सोडून बुटाला तेल लावत बसले मी."

"सकाळपर्यंत बराच सुटला होता," काका म्हणाले. "वाटलं, गेलं."

"पाच महिने मला हे सांगितलं नाहीस."

"मारायचं असेल तर मार. पण उजव्या बाजूला मार. तिकडे लागतं तरी."

काकू उठून परसदारी गेल्या आणि जाळीचं दार आपटलं. ओर्फाही उठू लागली, पण काकांनी बस म्हणून खूण केली. बाहेर काकू कोंबड्यांना काहीतरी रागाने सांगत होत्या. थोड्या वेळाने त्या नाक पुसत आत आल्या, पुन्हा पात्यांशी बसल्या आणि ओर्फाला सांगू लागल्या. व्यायाम घ्यायला दर सोमवारी एक बाई येते. ती म्हणते, पायात जीव आहे, रोज दहा वेळा उचलायचा प्रयत्न केला तर काठी घेऊन चालेल हा माणूस. पण उचलील तर शपथ. बाई समोर असली की नुसता घाम गाळतो आणि ती गेली की म्हणतो, खुर्ची बरी आहे.

"कुणी मोजायला बसलं की मला जमत नाही," काका म्हणाले.

"फिडलसुद्धा डोळ्यांसमोर नको म्हणून भिंतीकडे पाठ करून बसतो," काकू म्हणाल्या.

ओर्फाने काकांकडे पाहिलं. आपण पेटी पलंगाखाली ढकलली, यांनी फिडलकडे पाठ फिरवली. फरक काय?

"आता हा बँजो," काका एकदम म्हणाले. "परत आणलास म्हणतेस. पण करार काय होता? वाजवायचा सोडलास तर. तू सोडलास की नुसती रुसलीस, ते मला कसं कळणार? काढ बाहेर."

"काका, हात गेलाय माझा."

"माझ्यासमोर म्हणतेस हे?"

तिने पेटी उघडली. हिवाळाभर पडून तारा उतरल्या होत्या. पहिली तार चढवताना तिची बोटं परकी वाटत होती, तिसरीपर्यंत कान जागा झाला. पाचवी तार, ती आखूड, अंगठ्याखालची, नेहमीसारखीच हट्टी निघाली. काका नुसते भुवई वर करत, म्हणजे अजून थोडी. अजून. बस.

"कोल्हीण," ते म्हणाले. "आणि ऐक. चाल माझी आहे, मीच सुरू केली होती. तू फक्त वाजवायचंस. बंद मी करणार."

पहिली फेरी ऐकवण्यासारखी नव्हती. नख नसल्यामुळे बोटाचा नुसता मांसल भाग तारेवर पडत होता आणि ओल्या लाकडावर मारल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या फेरीत वरच्या भागाचं वळण चुकलं. तिने थांबून माफी मागायला तोंड उघडलं, तर काकांनी उजवी टाच फरशीवर आपटली. ठेका. पुढे. ती पुढे गेली. तिसऱ्या फेरीला अंगठ्याला आखूड तार आपोआप सापडली, आणि चौथ्याला तिच्या लक्षात आलं की आपण त्या शांततेची वाट बघत होतो, मधेच येणाऱ्या, आणि ती आली नाही. चाल वर गेली, खिंडीतून पलीकडे उतरली, पुन्हा पायथ्याशी आली. बोटाच्या टोकाला झोंबत होतं. झोंबणं बरं वाटत होतं. सहाव्या की सातव्या फेरीला तिने मोजणं सोडलं. शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजत आले की दरवळ सुटे, तेव्हा तिला असंच वाटायचं, की आता काही सांगायची गरज नाही, पोरं आपोआप येतील.

मग तिची नजर खाली गेली. गोधडीची कड हलत होती.

काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे मिटलेले, दात दातांवर. डाव्या पायातल्या सपातेची टाच फरशीवरून सुटली होती. अंगठ्याएवढी, जास्त नाही. वर आली, थरथरली आणि पडली.

ओर्फाने वेल्डाकाकूंकडे पाहिलं. काकूंच्या हातात लसणीची जुडी तशीच राहिली होती. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी ओर्फाकडे बघून मान एवढीशी डावी-उजवीकडे हलवली.

ओर्फा खिडकीबाहेर बघू लागली आणि तिने पुढची फेरी धरली.

"पाय," काका धापा टाकत म्हणाले. "पाय उचलला मी. आंधळी झालीस का?"

"मला नाही दिसला."

"वेल्डा, तू सांग हिला."

"मी लसूण निवडतेय," काकू म्हणाल्या. "मला कसा दिसणार?"

काकांनी दोघींना एक शिवी दिली, जी रविवारी चर्चमध्ये दिली असती तर त्यांना बाकावरून उठवलं असतं. मग त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि खालचा ओठ चावला.

"नीट बघ आता," ते म्हणाले.

"बघते. पण लवकर उचला, काका. गुरुवारच्या आत मला हे वरचं वळण बसवायचंय."

आणि तिने वरचा भाग धरला.