दहातले सहा

तपासनिसाने चिमट्याने दहावं बी उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि ओल्या रुमालावर नवव्याच्या शेजारी ठेवलं. मग रुमालाची घडी घालून ती प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली आणि पिशवीवर तारीख टाकून ती फ्रिजवर ठेवली.

"अहो, सरळ मातीत पेरा की," पलंगावरून बायको म्हणाली. "बी आहे ते, आरोपी नाही."

"सात वर्षांचं जुनं आहे. चाचणी नको?"

काडेपेटीच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली होती. प्रत्येक खोक्यातली एक पेटी काढायची, तिच्यातल्या सगळ्या काड्या ओढून बघायच्या आणि मग खोक्यावर शिक्का मारायचा. घरातही त्याच्या शिक्क्याशिवाय टोमॅटो आत येत नसे. लग्नाआधी बायकोला तीनदा भेटायला गेला होता, तेव्हा "तिसऱ्यांदा पास झाले" असं ती अजून लोकांना सांगायची.

बी झिनियाचं होतं. कारखान्याच्या क्वार्टरच्या दारात ती फुलं यायची, लाल, कडेला पिवळी. बाजारात तसला रंग मिळत नाही. क्वार्टर पाडली त्या वर्षी बायकोने शेवटचं बी औषधाच्या बाटलीत भरून ठेवलं. मोजून एकेचाळीस. आता डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते आणि झिनिया फुलायला दोन लागतात. "एकदा बघितली की झालं," एवढंच ती म्हणाली होती. गेल्या कित्येक वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट, त्यामुळे त्यात चूक होऊन चालणार नव्हती.

चौथ्या दिवशी त्याने फ्रिजवर हात फिरवला तर पिशवी नव्हती. रुमाल गॅलरीत दोरीवर होता, पांढराशुभ्र, दोन चिमट्यांत.

खालच्या मजल्यावर राहणारी मेहुणी सकाळी येऊन घर आवरून जायची. तिला जाब विचारला तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊजी, पिशवीत ओला रुमाल कोण ठेवतं? मला वाटलं, कुबट वास यायला लागलाय, धुऊन टाकू."

"त्यात दहा बिया होत्या!"

"मग आता गटारात उगवतील. चाचणीच हवी ना तुम्हाला?"

बायको हसली, हसता हसता खोकली, आणि मग बराच वेळ खोकतच राहिली. मेहुणीने तिच्या पाठीवर हात फिरवला. तपासनिसाने नवा रुमाल भिजवला.

सात दिवसांनी दहातल्या सहा बियांनी पांढरी मुळं टाकली. तो अक्षरशः उड्या मारत आत आला.

"साठ टक्के! माल पास!"

"मग लावा पटकन," बायको म्हणाली.

लावायला आणखी एक दिवस गेला, कारण माती चाळायची होती. उरलेल्या एकवीस बिया त्याने कुंड्यांत बोटभर अंतर मोजून पेरल्या. आणि मोड आलेल्या सहा रुमालासकट कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मेहुणी बघतच राहिली. "अहो भाऊजी, त्या उगवलेल्या आहेत!"

"तो नमुना होता. ओढलेली काडी परत पेटीत घालतात का?"

"तुमची धन्य आहे," म्हणत तिने कचऱ्याची पिशवी उचलली आणि खाली गेली.

कुंड्यांनी त्याची लाज राखली. रोपं वीतभर झाली, गुडघ्याएवढी झाली, त्यांनी कळ्या धरल्या. रोज सकाळी तो पलंगाजवळ बसून खबर द्यायचा. आज कळी वाटाण्याएवढी. आज सुपारीएवढी. बायको डोळे मिटून हुंकार द्यायची. मग एका सकाळी तिने हुंकार दिला नाही. तीन महिन्यांना अजून सोळा दिवस होते. डॉक्टरांचा अंदाजही नापास झाला.

पाचव्या दिवशी पहिलं फूल उमललं. लाल, कडेला पिवळं.

मेहुणी वर आली तेव्हा तो झारी घेऊन कुंड्यांपुढे उभा होता.

"पाचच दिवस कमी पडले," तो म्हणाला. "चाचणीत बारा घालवले मी."

मेहुणीने कठड्याला पाठ टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"भाऊजी, ताईने बघितली फुलं."

तो वळला नाही.

"डब्यातल्या त्या सहा बिया मी खाली लावल्या होत्या. चार रोपं जगली. तुमच्याआधी फुलली. तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा कुंडी वर आणून तिच्या मांडीवर ठेवली. अर्धा तास होती. हात फिरवत होती नुसती."

"मला का नाही सांगितलं?"

"ती नको म्हणाली."

"मला हसली असेल. आयुष्यभर हसली."

"नाही हसली. म्हणाली, मी बघितलीत हे त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर कुंड्यांचं काम संपेल, मग दिवसभर नुसते माझ्याकडे बघत बसतील."

तपासनिसाने मान डोलावली आणि झारी कलती केली. कुंडी काठोकाठ भरली, पाणी खालच्या ताटलीतून वाहून त्याच्या चपलांत शिरलं, तरी तो घालतच राहिला.