लांब दांड्याचा पाना घ्यावा की नाही

बेसिनचा नळ वरून दिसतो तेवढाच लोकांना माहीत असतो. त्याला खालून धरून ठेवणारा एक नट असतो, आणि तो बेसिनचं भांडं आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत लपून बसलेला असतो. तिथे नेहमीचा पाना फिरत नाही आणि मोठा हात शिरत नाही. आमच्या ह्यांचा हात मोठा आहे. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी त्या हातांकडे बघूनच "मुलगा कष्टाळू दिसतो" असा निकाल दिला होता. हे हात बेसिनमागे जाणार नाहीत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सहा वर्षांपूर्वी हे चष्मा घरी विसरून कामावर गेले, म्हणून मी तो द्यायला गेले. बघते तर हे बेसिनखाली उताणे पडलेले, उजवा हात फटीत अडकलेला, आणि घरमालकीण त्यावर साबणाचं पाणी ओततेय. हात सुटल्यावर मी म्हटलं, "सरका, मी बघते." ह्यांच्याकडे दांडा कापून आखूड केलेला एक पाना होता, तो घेऊन मी हात आत घातला. दहा मिनिटांत नट बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी पायात चपला घालता घालता ह्यांनी विचारलं, "येतेस?" तेव्हापासून मी जातेच आहे.

त्याआधी नऊ वर्षं मी वन्संच्या शिवणाच्या खोलीत काजं-बटणं करायचे. वन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. मनाने अगदी चांगल्या, पण त्यांच्या खोलीला खिडकी एकच, आणि ती त्यांच्या मशिनपाशी. मी बसायचे तिथे समोर भिंत. तिच्यावरचा एकूण एक पोपडा मला पाठ झाला होता.

आता मी गावभर हिंडते. लोकांची घरं मी बेसिनखालून बघितली आहेत, आणि माणसं दिवाणखान्यापेक्षा तिथे जास्त कळतात. एका वकीलबाईंच्या बेसिनखाली बिस्किटांचे सात पुडे निघाले, नवऱ्यापासून लपवलेले. त्यातला एक मला देऊन त्यांनी माझं तोंड बंद केलं. नळ बसवून पाणी सोडलं की तो आधी दोनदा ठसकतो, थोडं गढूळ पाणी टाकतो आणि मग नितळ धार धरतो. ती धार बघून मला जो आनंद होतो, तो नऊ वर्षांत एकाही बटणाने दिला नाही.

आणि एवढं सगळं चाललेलं असताना त्या लांब पान्याने मध्ये तोंड घातलं.

आम्ही नळाचं सामान घेतो त्या दुकानाच्या मालकांना सगळे खात्रीवाले म्हणतात, कारण त्यांच्या दुकानातली प्रत्येक वस्तू खात्रीची असते, अगदी गळकीसुद्धा. एके सकाळी आम्ही वॉशर घ्यायला गेलो, तर त्यांनी खोक्यातून एक लांब पाना काढून काउंटरवर ठेवला. हातभर दांडा, खाली सरकणारी आडवी मूठ, आणि वर खेकड्याच्या नांगीसारखा एक जबडा. खाली आरामात पडायचं, दांडा फटीतून वर सारायचा, जबडा आपोआप नट पकडतो, मूठ फिरवायची. झालं काम.

"खात्रीचा आहे," खात्रीवाले म्हणाले. "हा असला की बाईंना यायचीसुद्धा गरज नाही."

मी तिथेच उभी होते. त्यांनी हे मोठ्या प्रेमाने सांगितलं, जणू माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवत होते. मला मात्र तो पाना तिथेच मोडून टाकावासा वाटला. किंमत ऐकून ह्यांनी ती पुन्हा एकदा विचारली, कारण त्या किमतीत नेहमीचे चार पाने आले असते.

"आठ दिवस वापरून बघा," खात्रीवाले म्हणाले. "नाही पटला तर परत आणा."

ह्यांनी पाना माझ्या हातात दिला. "तूच बघ. वस्तूची पारख तुला आहे."

हे खरं आहे, आणि अडचण तीच होती. नळ पितळेचा की मुलामा दिलेला, हे मी वजनावरून सांगते. कुठला पाना टिकेल आणि कुठला सहा महिन्यांत तोंड वासेल, हे माझ्यावर सोपवून हे निवांत असतात. आता माझ्याच पोटावर पाय देणाऱ्या पान्याची पारख मी करायची होती.

घरी वन्सं आल्याच होत्या. पाना बघून त्यांना एवढा आनंद झाला की मला शंका आली, खात्रीवाल्यांना वन्संनीच पढवलं की काय.

"अगं, सुटलीस बघ तू," त्या म्हणाल्या. "लोकांच्या मोऱ्यांत लोळणं बंद. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, काजांना माणूस नाही. तुझी जागा तशीच ठेवलीय मी."

ती जागा, ती भिंत. मी हसले आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेल्यावर मी आमच्याच मोरीतल्या बेसिनखाली शिरले. पाना वर सारला. जबड्याने नट असा पकडला की मलाच दचकायला झालं. मूठ फिरवली, नट कुरकुरला आणि सुटला. घड्याळ लावून बघितलं असतं तर दोन मिनिटंही भरली नसती. बोटांची सालं गेली नाहीत, खांदा अवघडला नाही. एखाद्या अवजाराने माझा एवढा अपमान आजवर केला नव्हता. मी नट परत घट्ट केला, पाना पुसून ठेवला आणि संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "सटकतो."

"सटकतो?"

"जबडा धरत नाही नीट. आणि जडही आहे. पेटी उचलून तुमचा खांदा जाईल. शिवाय त्या जबड्याची स्प्रिंग गंजली तर संपलंच."

ह्यांनी जबड्यावरून अंगठा फिरवला, दात बघितले आणि "हं" म्हणाले. गिऱ्हाईक गळतीचं कारण आपल्या मनाने सांगायला लागलं की हे असंच "हं" म्हणतात. पाना मात्र त्यांनी पेटीत टाकला.

मला रात्री झोप लागायला वेळ लागला. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याशी साड्यांच्या किमतीबद्दल खोटं बोलले आहे, माहेरी किती दिवस राहणार याबद्दल बोलले आहे, आणि एकदा दुधाचं पातेलं कुणी करपवलं याबद्दलही. अवजाराबद्दल कधी बोलले नव्हते. त्या एका बाबतीत माझा शब्द ह्यांच्यासाठी शेवटचा असतो, आणि तोच मी मातीत घातला होता. लाज वाटत होती, पण भिंत त्याहून जास्त दिसत होती.

सातव्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे काम निघालं. बेसिन अगदी कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत, आणि नळ इतका जुना की खालचा पितळी नट हिरवा पडला होता. ह्यांनी बेसिनखाली चादर अंथरली, लांब पाना घेतला आणि मला म्हणाले, "तू स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदल तोवर."

सहा वर्षांत पहिल्यांदाच मला बेसिनपासून लांब पाठवलं होतं. मी वॉशर बदलत होते, पण कान तिकडेच. बाई शेजारी उभ्या राहून वॉशर रबराचा की प्लॅस्टिकचा, असं विचारत होत्या आणि मी दोन्हीला हो म्हणत होते. एवढ्यात तो आवाज आला. जुना नट सुटताना एकदा बारीक कुंथतो. एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही. मी मनात म्हटलं, संपलं. उद्यापासून काजं.

मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग ह्यांची हाक. "अगं, जरा ये. पाना सटकतोय. माझा हात पोचत नाही."

मी गेले. हे बाजूला सरकले, मी चादरीवर आडवी झाले आणि आखूड पाना घेऊन हात फटीत घातला. बोटं नटाला लागली आणि नट फिरला. पाना लावायचीसुद्धा गरज नव्हती, दोन बोटांनी फिरला. मी मान तिरकी करून बघितलं. हिरव्या पितळेवर जबड्याच्या दातांचे वळ होते, नवेकोरे, पिवळेधमक.

ह्यांनी नट सोडवला होता. मग अर्धा फेरा उलटा फिरवून जागच्या जागी ठेवला होता, आणि मला हाक मारली होती. बॅटरीही त्यांनी नटावर धरली नव्हती, शेजारच्या भिंतीवर धरली होती, म्हणजे मला वळ दिसू नयेत.

मी तिथे तशीच पडून राहिले. हसू येत होतं आणि रडूही, आणि बेसिनखाली या दोन्ही गोष्टी एकदम करायला जागा नसते.

"घट्ट आहे का?" ह्यांनी वरून विचारलं.

"फार घट्ट आहे हो," मी म्हटलं. "वेळ लागेल."

आणि मी वेळ लावला. चांगली आठ मिनिटं मी त्या मोकळ्या नटाशी कुस्ती खेळले. मधूनमधून कण्हले. हेही कमी नाहीत, "सावकाश, बोटं सांभाळ" म्हणत राहिले. शेवटी नट हातात घेऊन मी बाहेर आले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "यांना तुमच्याशिवाय जमत नाही वाटतं."

"नाही जमत," हे म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी आठवा दिवस, म्हणून आम्ही पाना घेऊन दुकानात गेलो. खात्रीवाल्यांनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"सटकतो," ह्यांनी ठामपणे सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही सटकत," मी म्हटलं. "उत्तम पाना आहे. महाग आहे, पण किंमत वसूल करून देईल. बांधून द्या."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. खात्रीवाल्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि आमचं काही बिनसायच्या आत पाना कागदात गुंडाळून टाकला. खात्री म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला नको.

आम्ही रस्त्यावर आलो.

"तूच म्हणाली होतीस सटकतो म्हणून," हे म्हणाले.

"खोटं बोलले. पाना आला तर मला परत काजं करत बसावं लागेल, अशी भीती वाटली. मला तुमच्याबरोबर कामावर यायला आवडतं." हे मी सहा वर्षांत कधी बोलले नव्हते. बोलायची वेळच आली नव्हती. "आणि तुम्ही? नट सोडवून परत फिरवून ठेवलात. पितळेवर वळ होते."

ह्यांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"एकोणीस वर्षं एकट्याने कामं केली मी," ते म्हणाले. "बेसिनखाली पडलं की गिऱ्हाइकाची फक्त पावलं दिसतात. तू यायला लागल्यावर कुणाशी तरी बोलता यायला लागलं." मग म्हणाले, "पण मग पाना कशाला घ्यायला लावलास?"

"चांगला आहे म्हणून. आणि सालं माझ्या बोटांची जातात, तुमच्या नाही."

हे त्यांना पटलं. आणखी दहा पावलं गेलो, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताईला काय सांगायचं? ती आज विचारणार. पाना तर घेतलाय आता."

"तुमची बहीण आहे. तुम्ही ठरवा."

हे कोपऱ्यापर्यंत विचार करत चालले. घरात शिरलो, तर वन्सं वाटच बघत होत्या. कागदातला पाना त्यांनी लांबूनच ओळखला.

"घेतलास ना रे? मग हिला उद्यापासून पाठव माझ्याकडे."

"नाही जमणार, ताई," हे म्हणाले. पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, मान खाली न घालता, स्वच्छ आवाजात आपल्या मोठ्या बहिणीला सांगत होता. "मला तो पाना वापरताच येत नाही. हिलाच येतो."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची सगळी आशा एका क्षणात मावळली. "लहानपणापासून असाच आहेस तू," त्या म्हणाल्या, आणि काजांसाठी ओळखीची कुणी बाई आहे का, ते मला विचारायला लागल्या.