वीस लिटर गरम, चाळीस लिटर गार

वृद्धाश्रमात सगळे तिला न्हाणीवाली म्हणत. सकाळी आठ ते बारा या वेळात अकरा म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, हे तिचं काम. टब एकच आणि गरम पाण्याची टाकी लहान. म्हणून मॅडमनी, म्हणजे तिथल्या व्यवस्थापिकाबाईंनी, नियमच करून टाकला होता: एका पाण्यात तिघं. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत पाण्यावर साबणाचा करडा थर धरलेला असे. त्यात केस, खपल्या आणि कधीकधी त्याहून वाईट काहीतरी. न्हाणीवाली तोंडाने श्वास घ्यायची आणि हात घालायची.

पाणी गार झालं की मॅडम दारातूनच सांगायच्या, "ओत वरून एक बादली." तापमापक मागच्याच वर्षी फुटला होता. तरी वहीत प्रत्येक नावापुढे अडतीस अंश लिहिलेलं असायचं. महिन्याभराचं एकदम, एकाच शाईने.

त्या मंगळवारी तिसरे होते रंगारी आजोबा. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेलेली. मधुमेहाने पावलांना काही कळेनासं झालं होतं. न्हाणीवालीने हातमोज्यातूनच पाणी चाचपलं, गार वाटलं, म्हणून टाकीतली अख्खी बादली त्यांच्या पायाशी ओतली. आजोबा हूं की चूं न करता बसून राहिले. पाय पुसताना टॉवेलबरोबर उजव्या पावलाची कातडी निघून आली, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी.

ती मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.

मॅडम आल्या. त्यांनी पाऊल पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि आधी वही उघडली. 'आजोबांनी स्वतः गरम नळ सोडला' असं लिहून पेन तिच्यापुढे धरलं. "सही कर. ओतलंस तू, मी नाही."

तिने सही केली. घरी गेल्यावर तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. मॅडमची किळस आलीच होती. त्याहून जास्त स्वतःच्या त्या वळणदार सहीची.

दुसऱ्या दिवशी ती घाबरत घाबरत आजोबांच्या खाटेपाशी गेली. पायाला हे एवढं बँडेज.

"टाकीतलं पाणी किती होतं?" त्यांनी विचारलं.

"एक बादली."

"बादल्या नाही विचारत. अंश किती?"

"माहीत नाही, आजोबा."

"आणि गार नळाचं?"

"तेही नाही."

आजोबांनी अशा काही नजरेने पाहिलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. "एकतीस वर्षांत मी एक तागा असा उकडला नाही. तू माणूस उकडलास."

ती भाच्याच्या बेकरीतून तापमापक मागून घेऊन आली. टाकीत सत्तर अंश, नळाला बावीस.

"आपल्याला अडतीस पाहिजे," आजोबा म्हणाले. "गार पाणी अडतीसपासून किती लांब?"

"सोळा."

"गरम?"

"बत्तीस."

"आता उलटं लाव. गरमाचे सोळा भाग, गाराचे बत्तीस. म्हणजे?"

"एकास दोन."

"टबाला साठ लिटर लागतं."

"वीस गरम, चाळीस गार."

"गार आधी, मग गरम. आणि माणूस टबात असताना गरम ओतायचं नाही. कुणीही सांगू दे."

तिने मापाने टब भरला. पारा छत्तीसवर थांबला. ती धावत परत आली.

"टब लोखंडी आहे ना? तोही ऊब पितो," आजोबा म्हणाले. "साठ लिटर, दोन अंश कमी. साठ दुणे?"

"एकशेवीस."

"त्याला बत्तिसाने भाग."

तिने बोटांवर, मग कागदावर केलं. "पावणेचार लिटर."

पावणेचार लिटर टाकीतलं टाकलं, ढवळलं. बरोबर अडतीस.

त्या दिवसापासून ती प्रत्येकाला नवं पाणी घ्यायला लागली. टाकी पाचव्यालाच रिकामी झाली. मॅडम धुसफुसत आल्या. "बाकीच्यांचं काय?"

"उद्या."

"म्हणजे नातेवाइकांना सांगू, की आमच्याकडे एक दिवसाआड आंघोळ?"

"एका पाण्यात तिघं, हे तरी कुठे सांगितलं होतंत?"

रविवारी आजोबांची मुलगी आली. तिला नळाचीच गोष्ट ऐकवलेली होती. न्हाणीवालीने वही तिच्यापुढे ठेवली. स्वतःच्या सहीवर काट मारून तिने खाली लिहिलं होतं: 'बादली मी ओतली. पाणी मोजलं नव्हतं.' मग टबाबद्दलही सगळं सांगितलं. मुलगी ऐकता ऐकता तोंडावर हात धरून भिंतीला टेकली.

"दर रविवारी तुम्हीच मला सांगायचात ना, बाबा छान न्हाले म्हणून?"

"हो," न्हाणीवाली म्हणाली.

मुलगी त्याच संध्याकाळी वडिलांना घेऊन गेली. तिच्या तक्रारीवरून विश्वस्त आले, नाकं मुरडत टब पाहून गेले. मोठी टाकी बसली. मॅडमची मुख्य कचेरीत बदली झाली. जाताना त्यांना हारही घातला गेला. न्हाणीवालीला ठेवून घेतलं, कारण ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिला त्याचीही शिसारी आली.

महिन्याभराने तिने आजोबांच्या मुलीला फोन केला.

"दोन बोटं काढावी लागली," मुलगी म्हणाली. "पुन्हा फोन करू नका."

तिने केला नाही.